खिशातील कार्यालय : कामाची हद्द कोण आखते?

१/ थ्रेड : मुंबईच्या जुन्या कापडगिरण्यांत कामाचा दिवस सूर्याच्या हिशेबाने चाले. उजाडले की यंत्रे सुरू होत, अंधारले की थांबत. उन्हाळ्यात हा दिवस फारच लांबे. पण त्याला शेवट होता, कारण अंधारात मागावरचा धागा दिसत नसे. कामगाराच्या दिवसाची हद्द कोणी कायद्याने आखलेली नव्हती. ती निसर्गाने आखली होती.

२/ विसाव्या शतकाच्या आरंभी गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि ही हद्द पुसली गेली. १९०५च्या सुमारास काही गिरण्यांत कामाचे तास १४ आणि त्याहूनही वर गेले. कामगारांत असंतोष उसळला, चौकशी समित्या नेमल्या गेल्या, आणि अखेर १९११च्या कारखाना कायद्याने कापडगिरण्यांतील प्रौढ पुरुषांच्या कामावर १२ तासांची मर्यादा घातली. सूर्याने सोडलेली जागा कायद्याने घेतली.

३/ विजेच्या दिव्याने जे गिरणीत केले, तेच शंभर वर्षांनंतर मोबाइल आणि टॅब्लेटने कार्यालयात केले. या वेळी पुसली गेलेली हद्द सूर्याची नव्हती. ती टेबलाची होती. संगणक टेबलावर असे, टेबल कार्यालयात असे, आणि कार्यालय संध्याकाळी बंद होई. हे टेबल कसे सुटले, आणि त्याच्याबरोबर आणखी काय सुटले, याचा हा इतिहास.

४/ आरंभ ९ डिसेंबर १९६८ चा. सॅन फ्रान्सिस्कोमधील एका संगणक परिषदेत डग्लस एंगलबर्ट या संशोधकाने सुमारे दीड तासाचे एक प्रात्यक्षिक दाखवले. सुमारे ४८ किलोमीटर दूर मेन्लो पार्क येथील प्रयोगशाळेत बसलेला त्याचा सहकारी बिल पॅक्स्टन पडद्यावर दिसू लागला. दोघे एकाच वेळी, एकाच मजकुराकडे पाहत बोलू लागले. दोघांच्या खुणा एकाच पानावर फिरत होत्या.

५/ आज ‘माऊसचा पहिला जाहीर प्रयोग’ म्हणून हे प्रात्यक्षिक प्रसिद्ध आहे. एंगलबर्टच्या दृष्टीने माऊस हे केवळ उपकरण होते. जगापुढील प्रश्न एकट्या माणसाच्या बुद्धीला पेलणार नाहीत, म्हणून अनेकांच्या बुद्धीला एकत्र काम करता यावे, हा त्याचा मूळ विचार होता. मात्र त्यासाठी लागणारे यंत्र खोलीभर मोठे होते. माणसांना यंत्राकडे जावे लागे. यंत्र माणसांकडे येत नसे.

६/ दुसरा धागा अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाचा. तेथे शिक्षणासाठी उभारलेल्या ‘प्लेटो’ या संगणकप्रणालीवर १९७३ मध्ये ‘नोट्स’ नावाची सोय सुरू झाली. एकाने विषय मांडावा, इतरांनी त्याखाली उत्तरे लिहावीत, अशी तिची रचना. तेथे शिकलेल्या रे ओझी या विद्यार्थ्याने तीच कल्पना पुढे व्यापारी जगात नेली. डिसेंबर १९८९ मध्ये ‘लोटस नोट्स’ बाजारात आले.

७/ लोटस नोट्समधील एक युक्ती पुढच्या साऱ्या इतिहासाचा पाया ठरली. मजकूर एकाच मध्यवर्ती यंत्रात कोंडून न ठेवता त्याच्या प्रती अनेक यंत्रांत ठेवायच्या. प्रत्येकाने आपापल्या प्रतीवर काम करायचे. फोनची तार जोडली गेली की दोन्ही प्रतींनी आपल्यातील बदलांची देवाणघेवाण करायची आणि पुन्हा एकसारखे व्हायचे. प्रवासातील अधिकारी संपर्क तुटलेला असतानाही काम करू शकला, तो या युक्तीमुळे.

८/ पण दोघांनी एकाच क्षणी एकच ओळ बदलली तर? याचे एक उत्तर टेक्सासमधील एलिस आणि गिब्ज या संशोधकांनी १९८९ मध्येच मांडले. समजा, एकाने वाक्याच्या आरंभी पाच अक्षरे घातली. त्याच क्षणी दुसऱ्याने सहावे अक्षर खोडण्याची आज्ञा दिली. पहिला बदल आधी लागू झाला, तर ते अक्षर आता अकरावे झालेले असते. म्हणून यंत्राने दुसऱ्याची आज्ञा लागू करण्यापूर्वी सहाचे अकरा करून घ्यायचे.

९/ ऐकायला ही बाब क्षुल्लक वाटते. परंतु आज एक जण पुण्यात टॅब्लेटवर आणि दुसरा दुबईत मोबाइलवर एकच कागदपत्र लिहू शकतो, त्यामागे हाच विचार आणि त्याच्या पुढच्या आवृत्त्या आहेत. म्हणजे १९९०च्या उंबरठ्यावर एकत्र काम करण्याचे गणित सुटले होते. हातात मावेल असे यंत्र तेवढे यायचे होते.

१०/ त्या यंत्राचे स्वप्न मात्र जुने होते. कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथे झेरॉक्स कंपनीचे संशोधन केंद्र होते. तेथील अ‍ॅलन के याने १९७२ मध्ये ‘डायनाबुक’ या वहीएवढ्या संगणकाची कल्पना मांडली. ती प्रामुख्याने मुलांसाठी होती. त्या काळी असे यंत्र बांधणे शक्य नव्हते, म्हणून पुठ्ठ्याचा नमुना करून ते कसे असेल हे दाखवले गेले.

११/ त्याच केंद्रात पुढे मार्क वायझर या संशोधकाने हा विचार कार्यालयात आणला. सप्टेंबर १९९१ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात त्याचा लेख प्रसिद्ध झाला. भविष्यातील कार्यालयात तीन आकारांची यंत्रे असतील, असे त्याने लिहिले : तळहातावर मावणारा ‘टॅब’, कागदाच्या पानाएवढा ‘पॅड’ आणि भिंतीवरचा ‘बोर्ड’. आजचा मोबाइल, टॅब्लेट आणि सभागृहातील मोठा पडदा एवढ्यावरून ओळखता येतात.

१२/ वायझरच्या पॅडविषयीचा एक तपशील सहसा सांगितला जात नाही. तो पॅड कोणाच्याही मालकीचा नव्हता. कार्यालयात पाठकोरे कागद जसे इकडेतिकडे पडलेले असतात, हाताला येईल तो घ्यावा, लिहावे आणि तेथेच ठेवून द्यावा, तसे पॅड असावेत, अशी त्याची कल्पना होती. पॅड घरी नेण्याचा प्रश्नच नव्हता. पाठकोरा कागद कोणी जपून घरी नेत नाही.

१३/ त्याच्या सहकाऱ्यांनी ‘पार्कटॅब’ नावाचे छोटे यंत्र खरोखर बांधले. तीन बटणे आणि १२८ गुणिले ६४ ठिपक्यांचा लहानसा पडदा. ते छतावरील उपकरणाशी अवरक्त किरणांनी बोलत असे. हे किरण भिंतीपलीकडे जात नाहीत. त्यामुळे कोण कोणत्या खोलीत आहे हे प्रणालीला कळे; आणि इमारतीबाहेर पाऊल टाकले की यंत्र मुके होई. कार्यालयाची भिंत हीच कामाची भिंत होती.

१४/ खोलीखोलीतील संगणक माणसाचा ठावठिकाणा जाणू लागले तर मालक किंवा सरकार त्याचा गैरवापर करील, हा धोका वायझरने त्याच लेखात नोंदवला होता. पण त्याला दिसलेला धोका पाळतीचा होता. काम घरापर्यंत पाठलाग करील, हा धोका पुढे आला तो दुसऱ्याच दिशेने.

१५/ वायझरचे निधन एप्रिल १९९९ मध्ये झाले. त्याच वर्षी कॅनडातील वॉटर्लू शहरातील एका कंपनीने ‘ब्लॅकबेरी ८५०’ हे यंत्र विक्रीस आणले. अंगठ्यांनी टंकन करण्याजोगी बारीक बटणे आणि पेन्सिल सेलवर चालणारे हे ईमेलचे यंत्र. तोपर्यंत ईमेल पाहायला माणूस जाई. आता आलेला निरोप यंत्र आपणहून हातात आणून देऊ लागले. पोस्टात जाऊन चौकशी करणे आणि पोस्टमनने दार वाजवणे यांत जो फरक, तोच येथे होता.

१६/ ११ सप्टेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कमध्ये दूरध्वनीच्या वाहिन्या कोलमडल्या, तेव्हा ब्लॅकबेरीवरचे निरोप पोहोचत राहिले. त्यानंतर अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाने आपल्या सदस्यांना ही यंत्रे दिली. सतत संपर्कात असणे ही आता चैन राहिली नाही, ती जबाबदारी ठरली. २००६ मध्ये तेथील एका शब्दकोशाने ‘क्रॅकबेरी’ हा वर्षाचा शब्द निवडला. ब्लॅकबेरी आणि एका अमली पदार्थाचे बोलीतील नाव यांची ही जोड होती.

१७/ तरीही ब्लॅकबेरी बहुधा कंपनीची असे आणि वरिष्ठांपुरती असे. रात्री ती खणात ठेवता येई. २००७ च्या आयफोनने आणि पाठोपाठ आलेल्या अँड्रॉइडने हा फरकही मिटवला. जून २००९ मध्ये आयफोनवरील इतर कंपन्यांच्या अ‍ॅपनाही सूचना धाडण्याची सोय मिळाली. एप्रिल २०१० मध्ये आयपॅड विक्रीस आला. आता ज्या यंत्रात मुलांचे फोटो, त्याच यंत्रात साहेबांचा निरोप.

१८/ या यंत्रांसाठी हवे असलेले सॉफ्टवेअर एका फसलेल्या खेळातून जन्मले. टायनी स्पेक ही कंपनी ‘ग्लिच’ नावाचा ऑनलाइन खेळ बनवत होती. कर्मचारी वेगवेगळ्या शहरांत विखुरलेले. आपसांत बोलण्यासाठी ते १९८८ मध्ये फिनलंडमध्ये जन्मलेली ‘आयआरसी’ ही जुनी गप्पांची प्रणाली वापरत. तिच्यात एक मोठी उणीव होती : माणूस जोडलेला नसताना झालेले बोलणे त्याच्यासाठी कायमचे हरवत असे.

१९/ कंपनीने ते बोलणे साठवणारी, शोधता येणारी सोय स्वतःपुरती बांधली. २०१२ मध्ये खेळ बंद पडला. ही सोय मात्र उरली. ऑगस्ट २०१३ मध्ये ती ‘स्लॅक’ या नावाने जाहीर झाली. मोबाइलवर वाचलेला निरोप संगणकावरही वाचलेलाच दिसावा, एका यंत्रावर सोडलेले काम दुसऱ्यावर तेथूनच पुढे चालावे, हे तिचे मोठे बळ होते. २०२१ मध्ये सेल्सफोर्स कंपनीने स्लॅक सुमारे २७.७ अब्ज डॉलरना विकत घेतली.

२०/ मायक्रोसॉफ्टचे ‘टीम्स’ मार्च २०१७ मध्ये जगभर खुले झाले. तीन वर्षांनी करोनाची साथ आली. १८ मार्च २०२० रोजी टीम्स रोज वापरणाऱ्यांची संख्या ४.४ कोटी होती; एप्रिलअखेर कंपनीने ७.५ कोटींचा आकडा जाहीर केला. पुण्या-मुंबईतील माहिती-तंत्रज्ञान कंपन्यांची कार्यालये स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी आणि दिवाणखान्याच्या कोपऱ्यात भरू लागली.

२१/ महाराष्ट्रातील असंख्य शाळा, दुकाने, सहकारी संस्था आणि सरकारी कचेऱ्यांत मात्र हे काम २००९ मध्ये सुरू झालेल्या व्हॉट्सअ‍ॅपने केले. ते कार्यालयासाठी बनलेलेच नव्हते. त्यामुळे त्यात घर आणि काम यांचे दोन कप्पेही नाहीत. मावशीच्या निरोपाखाली मुख्याध्यापकांची सूचना आणि तिच्याखाली सोसायटीच्या पाण्याची वेळ. मोबाइलने मिटवलेली हद्द इतकी स्पष्ट दुसरीकडे क्वचितच दिसते.

२२/ या इतिहासाची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. ज्यांच्या कामाला टेबल कधी नव्हतेच, त्यांना या यंत्रांनी प्रथमच कागदपत्रांपर्यंत पोहोचवले. बांधकामावरील अभियंत्याला बदललेला नकाशा जागेवर मिळतो. अमेरिकन एअरलाइन्सच्या वैमानिकांची नकाशे आणि पुस्तिकांची सुमारे १६ किलोंची पिशवी आयपॅडने हटवली. तान्ह्या मुलाला सांभाळत किंवा गावी आजारी वडिलांपाशी बसून नोकरी टिकवणे अनेकांना शक्य झाले.

२३/ तेव्हा प्रश्न यंत्र चांगले की वाईट, हा नव्हे. विजेचा दिवाही वाईट नव्हता. प्रश्न जुनाच : निसर्गाने किंवा भिंतीने आखलेली हद्द गेली, की नवी हद्द कोणी आखायची? याचे एक उत्तर फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयाने १७ फेब्रुवारी २००४ रोजी दिले. कामाच्या वेळेबाहेर स्वतःच्या मोबाइलवर उपलब्ध न राहणे हा गुन्हा नव्हे, असा तो निकाल. दाद मागणारा मनुष्य रुग्णवाहिकेचा चालक होता.

२४/ २०११ मध्ये जर्मनीतील फोक्सवॅगन कंपनीत कामगार प्रतिनिधींनी व्यवस्थापनाशी करार केला. पाळी संपल्यावर अर्ध्या तासाने सर्व्हरने ब्लॅकबेरीवर ईमेल धाडणे थांबवायचे आणि दुसऱ्या दिवशी पाळीच्या अर्धा तास आधी पुन्हा सुरू करायचे. पार्कटॅबला इमारतीची भिंत अडवत असे. येथे ती भिंत करार करून पुन्हा उभारली गेली.

२५/ १ जानेवारी २०१७ पासून फ्रान्समध्ये ५० किंवा अधिक कर्मचाऱ्यांच्या कंपन्यांना ‘संपर्क तोडण्याच्या अधिकारा’विषयी कामगारांशी वाटाघाटी करणे बंधनकारक झाले. २६ ऑगस्ट २०२४ पासून ऑस्ट्रेलियात हा हक्क लागू झाला. तेथे मालकाने फोन करण्यावर बंदी नाही. पण वेळेबाहेर उत्तर न देणाऱ्याला संरक्षण आहे, मात्र त्याचा नकार अवाजवी असता कामा नये.

२६/ भारतात हा विषय बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी डिसेंबर २०१८ मध्ये खासगी विधेयकाच्या रूपाने लोकसभेत मांडला. खासगी विधेयकांचा मार्ग आपल्याकडे अरुंद आहे : स्वातंत्र्यानंतर अशी केवळ १४ विधेयके कायदा झाली, त्यांपैकी शेवटचे १९७० मध्ये. हे विधेयकही कायदा झाले नाही. तरी वेळेबाहेरच्या निरोपाला उत्तर न देण्याचा हक्क, ही कल्पना संसदेच्या दप्तरी नोंदली गेली.

२७/ सॉफ्टवेअर कंपन्यांनीही आपले उत्तर दिले. २०१५ मध्ये स्लॅकमध्ये ‘व्यत्यय नको’ ही सोय आली. निरोप आत्ता लिहून सकाळी पोहोचवण्याची सोयही आता अनेक अ‍ॅपमध्ये असते. या सोयी उपयोगी आहेत. परंतु त्या हद्द आखण्याचे ओझे एकेकट्या माणसावर टाकतात. नव्याने लागलेली मुलगी रात्री दहा वाजता ते बटण दाबेल का, हे बटणावर अवलंबून नसते. शेजारचा सहकारी लगेच उत्तर देतो की नाही, आणि वरिष्ठ त्याचा काय अर्थ लावतात, यावर ते ठरते.

२८/ येथे मुंबईचा आणखी एक दाखला आठवावा. सत्यशोधक चळवळीतील नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांच्या सभा भरवून साडेपाच हजारांवर लोकांच्या संमतीचा मागण्यांचा अर्ज तयार केला. त्यात आठवड्याची एक सुटी ही प्रमुख मागणी होती. सहा वर्षांनी, १० जून १८९० रोजी, गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली.

२९/ त्याआधी एखाद्या कामगाराला एकट्याने रविवारी घरी राहता आले नसते का? राहता आले असते; सोमवारी त्याच्या जागी दुसरा उभा दिसला असता. सर्वांना एकाच दिवशी सुटी मिळाली, तेव्हाच ती सुटी कोणाच्याही अंगाशी आली नाही. फोक्सवॅगनचा करार आणि फ्रान्सचा कायदा यांचे मर्मही हेच आहे : हद्द सर्वांची असेल, तरच ती एकाला पाळता येते.

३०/ एंगलबर्टने माणसांच्या बुद्धीला एकत्र आणणारे यंत्र दाखवले, त्याला अर्धशतक उलटले. ते यंत्र आज खिशात आहे आणि पुष्कळ चांगल्या रीतीने चालते. ते रात्री कधी गप्प बसावे, हे ठरवण्याचे काम त्या दीड तासाच्या प्रात्यक्षिकात नव्हते. ते एकत्र बसूनच करावे लागते, आणि बहुतेक कार्यालयांत ती बैठक अद्याप व्हायची आहे.